उभ्या बॉल स्क्रूला मोटर किती वॅटची? (३० किलो, ६०० मिमी, २ सेकंद)

भोसरीकर

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, एसपीएम (एकाच कामासाठीची खास मशिनं) बनवतो. सध्या एका गिऱ्हाईकासाठी लोडिंग स्टेशनचं काम चालू आहे. कन्व्हेयरवरून कास्टिंग उचलायचं, वर फिक्स्चरपाशी द्यायचं, झालेलं कास्टिंग घेऊन परत खाली. म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा लोड तेवढाच. ग्रिपर, प्लेट आणि जॉब मिळून ३० किलो.

स्ट्रोक ६०० मिमी. वर जायला २ सेकंद, वर १.५ सेकंद थांबा, खाली यायला २ सेकंद, खाली पुन्हा १.५ सेकंद. सायकल ७ सेकंदांची, दोन पाळ्या. पोझिशन ०.१ मिमीच्या आत रिपीट झाली की पुरे.

स्टॉकमध्ये १६०५ चा (व्यास १६ मिमी; लीड, म्हणजे एका फेऱ्यात नट सरकतो ते अंतर, ५ मिमी) ८०० मिमी लांबीचा रोल्ड बॉल स्क्रू, त्याच्या दोन टोकांचे बीके१२-बीएफ१२ बेअरिंग सपोर्ट आणि स्लाइडसाठी २० साइजच्या रेल पडून आहेत. अडलंय मोटरपाशी. मोटर विकणारे ७५० वॅट सर्वो (स्वतःची जागा सतत मोजत चालणारी मोटर), ब्रेकसकट, घ्या म्हणतात. आमच्याकडचा इलेक्ट्रिकलचा मुलगा म्हणतो ८६ फ्रेमची साडेआठ न्यूटन मीटरची स्टेपर (ठरावीक स्टेपनी फिरणारी मोटर) लावू, निम्म्या पैशांत काम होईल. दोघांपैकी कुणीही हिशेब दाखवला नाही. मला मत हवंय ते हिशेबासकट, म्हणजे पुढच्या मशिनला मला स्वतःला करता येईल.

राउटरवाला

माझ्या लाकूडकामाच्या राउटरवर १६०५ आणि ५७ फ्रेमची स्टेपर आहे, ४८ व्होल्टवर. एक स्टेपही चुकत नाही. पण माझा वेग मिनिटाला ३ मीटर, म्हणजे ६०० आरपीएम, आणि अक्ष आडवा. तुमचा वेग किती येतो ते आधी काढा. स्टेपरचं सगळं तिथेच ठरतं.

टूलरूमचे काका

भोसरीकर, मोटर सध्या बाजूला ठेवा. ती सगळ्यात शेवटी येते. आधी वेग काढू.

६०० मिमी २ सेकंदांत म्हणजे सरासरी ३०० मिमी प्रति सेकंद. पण स्लाइड शून्यावरून निघते आणि शून्यावर थांबते, त्यामुळे मधला वेग सरासरीपेक्षा जास्त लागतो. वेळेचे तीन सारखे भाग करा: एक वेग घ्यायला, एक सरळ धावायला, एक थांबायला. मग कमाल वेग सरासरीच्या दीडपट येतो. ४५० मिमी प्रति सेकंद.

आता तुमची लीड ५. सेकंदाला ९० फेरे, मिनिटाला ५,४००. बहुतेक सर्वोंचा रेटेड, म्हणजे सतत चालवायचा, वेग ३,००० आहे. म्हणजे ७५० वॅट काय आणि दोन किलोवॅट काय, १६०५ वर तुमचा सायकल टाइम बसतच नाही. विकणाऱ्यांनी लीड विचारली होती का?

भोसरीकर

काका, लीड नाही विचारली. वजन विचारलं आणि उभा की आडवा ते विचारलं, बस.

लीड_आणि_पिच

काकांच्या हिशेबाला पुढे नेते. मी मशिन डिझाइनमध्येच आहे, हे रोजचं काम.

५,४०० आरपीएमला मोटर मिळाली तरी स्क्रू तयार नाही. लांब बारीक स्क्रू एका वेगानंतर दोरीउडीच्या दोरीसारखा मधे फुगायला लागतो, त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. सूत्र असं: सपोर्टचा गुणांक × स्क्रूच्या खाचेतला व्यास ÷ सपोर्टमधल्या अंतराचा वर्ग × १ कोटी. सगळं मिमीमध्ये. एक टोक फिक्स आणि दुसरं नुसतं आधाराला असेल, म्हणजे तुमचं बीके-बीएफ, तर गुणांक १५.१. यात २० टक्के सुरक्षितता आधीच धरलेली आहे. दोन्ही टोकं फिक्स असतील तर २१.९, दोन्ही नुसती आधाराला असतील तर ९.७, आणि एक टोक मोकळं असेल तर फक्त ३.४.

तुमच्या १६ च्या स्क्रूला खाचेतला व्यास साधारण १३, सपोर्टमधलं अंतर ७०० धरू. उत्तर येतं ४,००० आरपीएमच्या आसपास. ५,४०० त्याच्या बरंच वर आहे.

दुसरी मर्यादा नटाची. स्क्रूचा व्यास गुणिले आरपीएम हा आकडा रोल्ड स्क्रूला साधारण ५०,००० पर्यंत ठेवतात. त्यापुढे गोळ्या रिटर्न ट्यूबमध्ये आपटायला लागतात, आवाज येतो आणि नट लवकर जातो. तुमचं १६ × ५,४०० म्हणजे ८६,४००.

आता हेच १६१० घेऊन बघा. लीड १०, वेग २,७०० आरपीएम. क्रिटिकलच्या खूप खाली, नटाचा आकडा ४३,२००, सर्वोच्या ३,००० च्या आत. बीके१२-बीएफ१२ तेच चालतात. फक्त स्क्रू आणि नट बदलायचा.

बकलिंगची, म्हणजे दाबाने स्क्रू वाकण्याची, भीती असेल तर तीही काढून टाका. याच मापांवर परवानगी असलेला दाब ५,८०० न्यूटनच्या आसपास येतो, तुमचं वजन ३०० न्यूटन. शिवाय मोटर आणि बीके वर ठेवलीत तर स्क्रू लटकेल, त्याच्यावर दाब येणारच नाही, ताण येईल. उभ्या अक्षाला फिक्स टोक वरच ठेवा.

राउटरवाला

२,७०० आरपीएम म्हणजे स्टेपरचा विषय संपला. साडेआठ न्यूटन मीटर हा होल्डिंग टॉर्क, म्हणजे थांबलेल्या मोटरचा फिरवण्याचा जोर. फिरायला लागली की वळणांच्या इंडक्टन्समुळे करंट वेळेत भरत नाही आणि टॉर्क घसरत जातो. मोठ्या फ्रेमच्या मोटरला इंडक्टन्स जास्त, म्हणून ती आणखी लवकर घसरते. ६००-८०० आरपीएमपर्यंत स्टेपर छान. तुमच्या वेगाला तिच्यात फारसं काही उरत नाही. आणि उभ्या अक्षात स्टेप चुकली म्हणजे वजन खाली.

भोसरीकर

समजलं. पण लीड दुप्पट केली की टॉर्कही दुप्पट लागणार ना? मग ७५० वॅट बरोबरच ठरते का?

लीड_आणि_पिच

टॉर्क दुप्पट, वेग निम्मा. लागणारी पॉवर तीच राहते. मोटरला तिच्या सोयीच्या वेगात आणणं हे लीडचं काम, आणि सर्वोची सोय २,५००-३,००० च्या आसपास असते. चला, पूर्ण हिशेब मांडते.

वजनाचं बल: ३० × ९.८१ = २९४ न्यूटन. गाइडच्या सीलचं आणि ब्लॉकचं घर्षण २० न्यूटन धरू. वर जाताना ३१४.

टॉर्क = बल × लीड ÷ (६.२८ × कार्यक्षमता). लीड मीटरमध्ये. बॉल स्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरतात. ३१४ × ०.०१ ÷ ५.६५ = ०.५५५ न्यूटन मीटर. एकसारख्या वेगाने वर जायला एवढंच लागतं.

आता वेग घेण्याचा टॉर्क. ०.६७ सेकंदात २,७०० आरपीएम गाठायचे, म्हणजे कोनीय त्वरण सुमारे ४२४ रेडियन प्रति सेकंद वर्ग. सरळ रेषेत ०.६७५ मीटर प्रति सेकंद वर्ग. ३० किलोला ते द्यायला २० न्यूटन जादा, टॉर्कमध्ये ०.०३६.

फिरणाऱ्या भागांचं जडत्व वेगळं धरायचं, हे बरेच जण सोडून देतात. स्क्रूचं वजन १.२६ किलो, त्रिज्या ०.८ सेंमी. निम्मं वजन × त्रिज्येचा वर्ग = ०.४० किलो-चौ.सेंमी. कपलिंग ०.१ धरा, मोटरचा रोटर ०.३ धरा. एकूण ०.८. गुणिले ४२४ केलं की ०.०३४ न्यूटन मीटर.

सगळं मिळून वर जाताना कमाल ०.६२५ न्यूटन मीटर. तुमच्या यंत्रात जवळपास सगळा टॉर्क गुरुत्वाकर्षणाचा आहे, वेग घेण्याचा नगण्य. आडवा, हलका आणि झटपट अक्ष असता तर चित्र उलट असतं. तिथे स्क्रूचं स्वतःचं जडत्वच मोटर खातं आणि "मजबूत असावा" म्हणून २५ चा स्क्रू टाकला की जडत्व सहापट होतं, कारण ते व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं.

बाजारातल्या सर्वोंचे रेटेड आकडे साधारण असे: १०० वॅट ०.३२, २०० वॅट ०.६४, ४०० वॅट १.२७, ७५० वॅट २.३९ न्यूटन मीटर. थोडा वेळ याच्या तिप्पट देतात. आता तुम्हीच सांगा ७५० कुठून आली.

भोसरीकर

ताई, हा हिशेब प्रिंट काढून पॅनलच्या टेबलावर लावतोय. म्हणजे २०० वॅटसुद्धा पुरते की काय?

तिसऱ्या_वर्षाची_विद्यार्थिनी

मधे बोलते, माफ करा. आमच्या प्रोजेक्टमध्ये हेच आहे. कमाल टॉर्क ०.६२५ आणि २०० वॅटचा रेटेड ०.६४ म्हणजे अगदी काठावर. पण सर शिकवताना आरएमएस टॉर्क रेटेडशी तुलना करा म्हणाले होते. थांबलेला वेळही त्यात धरायचा का? आणि खाली येताना टॉर्क उणे असतो की कमी?

टूलरूमचे काका

बाळ, प्रश्न योग्य विचारलास. कमाल टॉर्कची तुलना मोटरच्या पीकशी (थोडा वेळ देते त्या टॉर्कशी), आणि आरएमएसची रेटेडशी. मोटर तापते ती करंटच्या वर्गावर, म्हणून वर्ग करून सरासरी काढायची.

खाली येताना वजनच स्क्रू फिरवू पाहतं, मोटर फक्त धरून ठेवते. त्यामुळे वर जाताना कार्यक्षमतेने भागायचं, खाली येताना गुणायचं. घर्षणही आता मोटरला मदत करतं. (२९४ वजा २०) × ०.०१ × ०.९ ÷ ६.२८ = ०.३९. टॉर्कची दिशा तीच, वर धरण्याची. फिरण्याची दिशा बदललेली. म्हणून तो उणे नाही, पण मोटर त्या वेळी जनरेटर झालेली असते. याचा परिणाम ड्राइव्हवर (मोटरला वीज देणाऱ्या कंट्रोलरवर) होतो, त्यावर कुणीतरी लिहील.

आता बेरीज. वर जाताना तीन टप्पे: ०.६२५, ०.५५५, ०.४८५. वर थांबलेला असताना ब्रेक न लावता मोटरनेच धरलं तर ०.४७. खाली येताना ०.३२, ०.३९, ०.४६. खाली थांबला तरी प्लेट लटकलेलीच, पुन्हा ०.४७. प्रत्येकाचा वर्ग गुणिले त्याचे सेकंद, सगळ्यांची बेरीज भागिले ७, त्याचं वर्गमूळ. उत्तर ०.४८ न्यूटन मीटर.

आडव्या अक्षात थांबलेला वेळ मोटरला विश्रांती देतो. उभ्या अक्षात देत नाही, थांबूनही ती वजन धरूनच असते. थांबलेला वेळ धरायचा की नाही, याचं उत्तर त्यातच आलं.

सर्वोवाला_चाकण

मी सर्वो कमिशनिंग करतो, चाकण-तळवडे पट्ट्यात रोज असतो. माझं मत: कागदावर २०० वॅट पास आहे, तरी इथे ४०० वॅट ब्रेकवाली घ्या.

कारण पहिलं, ०.४८ म्हणजे ०.६४ च्या ७५ टक्के. मोटरचं रेटिंग साधारण ४० अंश भोवतालच्या तापमानाला धरलेलं असतं. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या शेडखाली, मोटर वरच्या टोकाला बसवलेली, तिथे ४० राहत नाही. शिवाय घर्षणाचे २० न्यूटन हा अंदाज आहे. नवे सील, घट्ट बसलेला नट, ग्रिपरकडे जाणाऱ्या केबलची चेन, सगळं मिळून आकडा वर जातो. ४०० वर तोच लोड ३८ टक्के होतो.

दुसरं, जडत्वाचं प्रमाण. ३० किलो मोटरच्या शाफ्टवर दिसतात ०.७६ किलो-चौ.सेंमी. स्क्रू आणि कपलिंग धरून १.२६. २०० वॅटच्या बारीक रोटरला हे चारपट-सातपट जातं, मोटरनुसार. ४०० ला बऱ्यापैकी कमी. पाचच्या आत असलं की ट्यूनिंगला त्रास नाही, दहापर्यंतही चालवून घेता येतं.

पॅनलवाला

मला एक कळत नाही. ४०० आणि ७५० मध्ये किमतीचा फरक फार नाही. मोठी घेतली तर बिघडलं कुठे? उद्या गिऱ्हाईक म्हणालं कास्टिंग बदललं, ५० किलो झालं, तर?

सर्वोवाला_चाकण

बिघडतं ते धडकल्यावर. हा मुद्दा मला मनापासून मांडायचा आहे, कारण मोठी मोटर म्हणजे सुरक्षित मोटर असं आपल्याकडे सरसकट धरलं जातं.

कास्टिंग तिरकं बसलं आणि ग्रिपर फिक्स्चरवर आदळला, तर मोटर क्षणभर पीक टॉर्क देते. बल काढायचं तर टॉर्कचं सूत्र उलटं करा. ७५० वॅटचा पीक ७.१ न्यूटन मीटर: ७.१ × ६.२८ × ०.९ ÷ ०.०१ म्हणजे ४,००० न्यूटन. चारशे किलोचा रेटा. ४०० वॅटचा पीक ३.८, तो २,१५० न्यूटन. २०० वॅटचा साधारण १,०७०. बॉल स्क्रूत घर्षण इतकं कमी आहे की मोटरने दिलेलं सगळं पुढे पोचतं. ग्रिपरची बोटं, नटाच्या गोळ्या, बीके मधलं बेअरिंग यांनाच ते सोसायचं असतं. गोळीने खाचेत एकदा खड्डा पाडला की तो स्क्रू त्या जागी कायम खडखडतो.

कुठलीही घेतलीत तरी ड्राइव्हमध्ये टॉर्क लिमिट लावा. ४०० वर रेटेडच्या ८० टक्के लावलं तर १.०२ न्यूटन मीटर, तुमच्या कमाल ०.६२५ च्या वर पुरेसं, आणि धडकेचं बल ६०० न्यूटनच्या आत येतं. पहिल्या ट्रायलला हेच करा, नंतर सायकल बघून सोडत जा. आणि ५० किलोचं म्हणाल तर ४०० वर तेही बसतं, आरएमएस ०.८ च्या आसपास जाईल.

पॅनलवाला

४,००० न्यूटनचा आकडा डोळ्यासमोर आल्यावर मान्य आहे. टॉर्क लिमिट आम्ही फॅक्टरी सेटिंगलाच ठेवून देतो बहुतेक वेळा, ते बदलायला हवं.

टूलरूमचे काका

ब्रेकबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो.

ट्रॅपिझॉइडल स्क्रूची (गोळ्या नसलेल्या, साध्या आट्यांच्या) कार्यक्षमता कमी, ५० टक्क्यांच्या खाली असली की तो आपोआप लॉक राहतो. बॉल स्क्रू राहत नाही. तुमच्या अक्षाची लाइट गेली आणि ब्रेक नसेल, तर ३० किलो आणि स्क्रू-रोटरचं जडत्व मिळून हिशेब केला तर प्लेट गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाच्या जरा आतच खाली सुटते. ६०० मिमी अर्ध्या सेकंदात. हात काढायला तेवढा वेळ पुरत नाही. एका कारखान्यात असा अक्ष पावसाळ्याच्या पहिल्या वीजखंडानंतर खाली आलेला मी पाहिला आहे. नशिबाने खाली फक्त ट्रे होता.

आता तीन गोष्टी लक्षात ठेवा. मोटरचा ब्रेक धरून ठेवण्यासाठी असतो, धावता अक्ष थांबवण्यासाठी नाही. थांबवायचं काम ड्राइव्हचं, ब्रेक नंतर. रोज ब्रेकने थांबवलंत तर त्याचं अस्तर संपेल. दुसरं, ड्राइव्हचा डायनॅमिक ब्रेक मोटर शॉर्ट करून तिचा वेग कमी करतो, पण उभं वजन धरू शकत नाही. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेक मोटरवर आहे, वजन स्क्रूवर आहे, मधे कपलिंग आहे. कपलिंगचा क्लॅम्प सैल झाला तर ब्रेक लागलेला असूनही प्लेट खाली येईल. म्हणून कपलिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने, कॅटलॉगच्या आकड्याला. आणि मेंटेनन्सला कुणी खाली हात घालणार असेल तर प्लेटखाली लोखंडी पिन किंवा ठोकळा, त्याला कायमची जागा करून ठेवा.

सर्वोवाला_चाकण

काकांच्या पोस्टला जोड. ब्रेक २४ व्होल्टचा असतो, करंट मिळाला की सुटतो, गेला की स्प्रिंगने लागतो. त्याच्या कॉइलला समांतर नुसता डायोड लावला की करंट हळूहळू विझतो आणि ब्रेक उशिरा लागतो, तेवढ्यात प्लेट दोन-चार मिमी घसरते. व्हॅरिस्टर लावा, त्याने करंट लवकर विझतो. सर्वो ऑन झाल्यावर ब्रेक सुटण्याचा आणि सर्वो ऑफ होण्याआधी ब्रेक लागण्याचा वेळ ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये असतो, तो ब्रेकच्या कॅटलॉगशी जुळवा. ब्रेकचं आउटपुट ड्राइव्हवरून रिलेने घ्या, पीएलसीवरून (मशिनच्या मुख्य कंट्रोलरवरून) परस्पर नको.

आणि जनरेटरचा मुद्दा. दर वेळी खाली येताना स्क्रू ६० फेरे ०.३९ न्यूटन मीटरने मोटरला फिरवतो. ०.३९ × ६.२८ × ६० म्हणजे १४८ ज्यूल. यातली काही मोटरच्या तांब्यात जाते, बाकी ड्राइव्हच्या डीसी बसवर, म्हणजे आतल्या डीसी पुरवठ्यावर, येते. समजा आतला कपॅसिटर ५०० मायक्रोफॅरडचा आहे आणि बस ३२५ वरून ४०० व्होल्टपर्यंत जाऊ देतो. त्यात मावतात १४ ज्यूलच्या आसपास. लहान ड्राइव्हमध्ये बऱ्याचदा ही जादा ऊर्जा जाळणारा आतला रेझिस्टर नसतो, आणि मग "ओव्हरव्होल्टेज" येऊन अक्ष अर्ध्यात थांबतो. सरासरी २१ वॅट निघतात, म्हणून बाहेरून १०० वॅटचा ॲल्युमिनियम बॉडीचा रेझिस्टर लावा. ओहम किती ते ड्राइव्हच्या पुस्तकातून, दिलेल्या किमान आकड्याच्या खाली कधीच नको.

तिसऱ्या_वर्षाची_विद्यार्थिनी

खूप शिकायला मिळालं. एक वेगळा प्रश्न: हाच हिशेब बुश प्रेस-फिट करायला चालेल का? आमच्याकडे ५,००० न्यूटन लागतात, स्ट्रोक फक्त ४० मिमी, १६०५ आहे.

लीड_आणि_पिच

चालेल, पण तिथे वेग नाही, बल आहे. ५,००० × ०.००५ ÷ ५.६५ = ४.४ न्यूटन मीटर. थेट लावायला मोठी मोटर लागेल. ३:१ प्लॅनेटरी गिअरबॉक्स घातला की, त्यातली घट धरून, १.५५ वर येतं, म्हणजे ७५० वॅट. वेग मिनिटाला ५ मीटरपर्यंत मिळतो, तुम्हाला त्याच्या निम्माही नको. नटाचं डायनॅमिक रेटिंग आणि बेअरिंगचं अक्षीय रेटिंग मात्र आधी बघा, प्रेसमध्ये तेच आधी जातात. आणि बल मोजायचं असेल तर मोटरच्या करंटवर विसंबू नका, घर्षण मधे येतं. लोड सेल लावा.

भोसरीकर

मंडळी, अपडेट. १६१० स्क्रू, ४०० वॅट ब्रेकवाली, बाहेरचा रेझिस्टर, टॉर्क लिमिट ८० टक्के. मोटर-बीके वर. अक्ष चालू झाला, सायकल ७ सेकंदांत बसते.

ड्राइव्हच्या मॉनिटरवर आधी वर जाताना टॉर्क सगळीकडे सारखा नव्हता. मधे ४४ टक्के, आणि खालच्या १०० मिमीत ५८. मोटर बरोबर होती, स्लाइड तिथे जड जात होती. काकांना फोन केला. त्यांनी सांगितलं तसं बीएफचे आणि नट ब्रॅकेटचे बोल्ट सैल केले. स्लाइड वर बीकेपाशी नेऊन नट ब्रॅकेट आवळलं, मग स्लाइड अगदी खाली बीएफपाशी आणून तिथे बीएफ आवळला, खाली एक पातळ शिम गेली. डायल लावून स्क्रू आणि रेल समांतर बघितली. आता पूर्ण स्ट्रोकभर ४५, आरएमएस ४० टक्के. सर्वोवाल्यांनी कागदावर काढलेला आकडा ३८ होता.

गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात ट्रायलला येतंय. आता ग्रीसिंगचं काय ठेवू? दोन पाळ्या आहेत.

टूलरूमचे काका

टॉर्कचा आलेख बघून अलाइनमेंट शोधलीत, उत्तम काम.

ग्रीसचा हिशेब असा. एका सायकलला १२० फेरे. १६ तासांत ८,२०० सायकली, म्हणजे दिवसाला जवळपास १० लाख फेरे. नटाचं डायनॅमिक रेटिंग समजा ७,००० न्यूटन असलं आणि धक्क्यांसाठी लोड दीडपट, ४५० न्यूटन धरला, तर (७,००० ÷ ४५०) चा घन म्हणजे ३,७०० च्या वर, गुणिले १० लाख फेरे. म्हणजे ३,७०० दिवस. लोडने तुमचा स्क्रू दहा वर्षं जाणार नाही. कोरडा राहिला किंवा कास्टिंगची वाळू आत गेली तर मात्र सहा महिन्यांत जाईल. नटाला वायपर आहेत ना बघा, आणि स्क्रूपुढे पत्र्याचं किंवा बेलोचं कव्हर घाला.

स्लाइडचा प्रवास दिवसाला सुमारे १० किलोमीटर होतो. गाइडच्या ब्लॉकला साधारण १०० किलोमीटरला ग्रीस देतात, म्हणजे दहा दिवस. नटालाही तेव्हाच द्या. लिथियम बेसचं दोन नंबर ग्रीस, ग्राफाइटवालं नको. लक्षात राहायला सोपं म्हणून दर बुधवारी दुसऱ्या पाळीच्या शेवटी ठेवा, गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. ग्रीसगन मारल्यावर स्लाइड पूर्ण स्ट्रोक चार-पाच वेळा हळू वर-खाली फिरवा, बाहेर आलेलं काळं ग्रीस फडक्याने पुसून टाका. पुसताना प्लेटखाली पिन घातलेली असू दे.